सहा अंश

माझं नाव सातिल्मिश.
आमच्या तुर्कीत त्याचा अर्थ, विकलेला.
माझ्याआधीची दोन दगावली, म्हणून आईनं मला
टेकडीवरच्या पिराला विकलं
आणि बदल्यात चिमूटभर मीठ घेतलं.
मरण परक्याच्या मालाला हात लावत नाही, म्हणे.
पंचाहत्तरी उलटली. खरं असावं.

ही इमारतही विकलेलीच.
एकोणऐंशीचा नोव्हेंबर, नगरपालिकेची खोली,
हीटर आतून कुणी ठोठावल्यासारखा वाजत होता.
आमच्याकडून आम्ही नऊजण गेलो, इस्त्रीचे शर्ट घालून.
त्यांच्याकडून एकटी फान क्लेफ बाई.
आमची सत्तर माणसं होती, सूतगिरणीतली, तिन्ही पाळ्यांची,
सायकलींच्या गोदामात नमाज पढणारी.
तिच्याकडे दहा पुरुष नव्हते.
दहा लागतात, ती म्हणाली.
कमी असले तरी देव ऐकतो,
पण काही गोष्टी मोठ्यानं म्हणता येत नाहीत.

करारावर तिनं एकच ओळ हातानं लिहिली:
इथं गोदाम नको.
मग पेन उचललं, थांबली,
आणि 'गोदाम'च्या आधी बारीक अक्षरात घुसवलं, 'पुन्हा'.
त्या 'पुन्हा'वर मी अडलो नाही.
माझं डच तेव्हा पगार, पाळी आणि पाठ दुखते, एवढंच.

कळलं फार नंतर.
बेचाळीस साली माणसं गाडीत भरून नेली
आणि त्यांची घरं इथं आणून रचली.
खुर्च्या, पाळणे, शिवणयंत्रं, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.
तिच्या आईचं यंत्र एकशे बारा.

गालिचे मी अंथरले.
पोथ्यांच्या गुंडाळ्या ठेवायचा कोनाडा रिकामा होता,
जेरुसलेमकडे तोंड करून.
हाफिझ बेदरींनी होकायंत्र फरशीवर ठेवलं.
सुई थरथरली, आम्हीही.
सहा अंश.
हात लांब करून धरला तर तीन बोटं.
एवढ्या लांबून, या पावसाळी सपाट मुलखातून,
त्यांच्यात आणि आमच्यात तीन बोटं उरली होती.

पण तीन बोटांसाठी भिंत वळत नाही.
पट्टे तिरके घालावे लागले.
डावीकडे एक पाचर उघडी राहिली,
खाली त्यांची निळी-पांढरी फरशी.
तुकडा कापून ठेवला होता मी, अगदी मापाचा.
बसवीन बसवीन म्हणत
माळ्यावर कसर लागली त्याला.

बायकांचा सज्जा तोच, जिना तोच,
तिसरी पायरी तशीच कुरकुरते.
माझी गुलिझार म्हणायची,
इथून वरून बघितलं तर
दोन्हीकडच्या पुरुषांची टकलं सारखीच दिसत असणार.

बाई दर शरदात यायची.
बूट दाराशी, मोज्यांवर,
कुणाला न विचारता त्या पाचरीवर जाऊन उभी राहायची.
मी चहा घेऊन जाई. एकदा विचारलं, गालिच्यावर का येत नाही,
पाय गारठतील.
म्हणाली, गारठू दे. एवढंच तर जसंच्या तसं आहे.
दोन हजार चारनंतर आली नाही.

आता पोरांना हायवेलगत नवी मशीद हवी,
मिनार हवा, पार्किंग हवं.
चुकीचं नाही. शुक्रवारी गल्लीत मोटारी मावत नाहीत.
कमिटीनं करार शोधायला सांगितला, मी शोधला.
ती ओळ वाचून दाखवली.
सेक्रेटरी म्हणाला, काका, गोदाम नाही, फ्लॅट होणार आहेत.

काल एजंट आला.
नवीन बूट, पण काढले दाराशी, न सांगता.
भिंतीला लावून माप घेऊ लागला.
मी म्हटलं, तिरकं धर.
त्याला वाटलं, म्हातारा चळला.
हसला, यंत्र सरळच धरलं.
लेसरचा लाल ठिपका सरकत सरकत
त्या उघड्या पाचरीवर थांबला
आणि आकडा येईपर्यंत
तिथंच थरथरत राहिला.